विलासने मागितलेला थोडा वेळ

विलास गेल्याची बातमी त्याच्या बहिणीने फोनवर दिली तेव्हा मी भोईवाड्यात, आमच्या अंध मुलींच्या वर्गात शिकवत होते. ‘सुटला बिचारा,’ ती म्हणाली, आणि मला तिचा रागच आला. सुटला कसला? हातातलं काम अर्धं टाकून गेला... मग वाटलं, तीही दमली असेल. त्या आजारपणात आम्ही सगळीच दमलो होतो.

लालबागच्या चाळीत आमच्या खोल्या समोरासमोर. मला जन्मापासून दिसत नाही, त्यामुळे विलास मला आधी चपलांच्या आवाजाने ठाऊक, मग भांडकुदळ म्हणून. गिरणीचा संप झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. गिरणीत कामाला असलेले त्याचे बाबा इतरांसारखेच मालवणला, गावी निघून गेले. गिरणी पुन्हा सुरू झाल्याचं कळून ते परत येईपर्यंत भरती संपली होती, गेट बंद. विलास रडतखडत शिकला, कॉम्प्युटर दुरुस्त करू लागला, आणि आमच्या वर्गातला कॉम्प्युटर तर घरचाच असल्यासारखा सांभाळू लागला.

आमचं ब्रेल छापायचं यंत्र जुनं, देणगीतून आलेलं. मुलींची सगळी पुस्तकं त्यावरच निघतात. एकदा सिस्टीमचं अपडेट झालं आणि कॉम्प्युटर म्हणू लागला, असं यंत्र जोडलेलंच नाही. वायर ठीक, यंत्र ठीक. विलासने वर्गात ठाणच मांडलं. सिस्टीमची जुनी आवृत्ती चालते, नवी चालत नाही. तर मधली घ्यायची, लावून बघायची, बिघाड कुठल्या अर्ध्यात आहे ते ठरवायचं, मग त्या अर्ध्याचं अर्धं... दर वेळी कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा, आणि दर वेळी मी यंत्रावर हात ठेवून ‘नाही रे’ म्हणायचं. कित्येक दुपारी अशा गेल्या. शेवटी मी कंटाळून म्हटलं, ‘नवीन यंत्र मागू या ना कुणाकडे.’

‘नवीन काय म्हातारं होणार नाय?’ तो खेकसला.

सापडलं ते असं. परदेशातल्या कुणीतरी, सिस्टीम लवकर सुरू व्हावी म्हणून, ड्रायव्हरमधलं थांबणं कमी केलं होतं. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि यंत्र यांच्यातला दुभाष्या. ‘हा हाक मारतो, आणि आपली म्हातारी ओ देईपर्यंत निघून जातो च्यायला,’ विलास म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, ‘बाबांचं पण तेच झालं ना.’

त्याने ते थांबणं परत घातलं आणि यंत्र चाललं. पण फक्त आमच्या कॉम्प्युटरवर. पुढच्या अपडेटला पुन्हा तीच रड, पुन्हा विलासने यायचं. तोवर परळच्या हॉस्पिटलात त्याच्या खेपा सुरू झाल्या होत्या. तो नसला तर मुलींची पुस्तकं बंद पडणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. दुरुस्ती मूळ सिस्टीममध्येच घ्या म्हणून तो सिस्टीम बनवणाऱ्या तिकडच्या लोकांशी ईमेलवर भांडत बसला. उत्तर आलं, इतकं जुनं यंत्र आता कोण वापरतं? तरी त्याने दुरुस्ती रीतसर पाठवायची ठरवलीच. तिकडचा रिवाज असा की दुरुस्तीखाली ती तपासणाऱ्या दुसऱ्या माणसाचं नाव लागतं. विलासने माझं घातलं.

‘मला यातलं ओ की ठो कळत नाही,’ मी म्हटलं.

‘हात ठेवून बघितलंस ना? मग झालं तर.’

शेवटच्या भेटीतही त्याने तेवढंच विचारलं, ‘आलं काय गं त्यांचं काही?’ मी नाही म्हटलं. तो कूस बदलून झोपला.

मागच्या आठवड्यात नवं अपडेट आलं. मी टाळत होते, पण कॉम्प्युटर ऐकेना. तो बंद होऊन पुन्हा चालू झाला, आणि मी सवयीने यंत्राच्या झाकणावर हात ठेवला. काहीच नाही... आणि मग आतला रूळ हलला. घेतली होती त्यांनी दुरुस्ती, कळवायचं तेवढं राहिलं होतं. मला रडू आलं, आणि त्याला सांगता येत नाही म्हणून चीडही आली.

आता रोज सकाळी कॉम्प्युटर लावला की यंत्र ओ द्यायला तेवढा वेळ घेतंच. मुली चुळबुळतात. त्या वेळात मी कुणाला बोलू देत नाही.