नाचणीची अर्धी भाकर

आधी नाव सांगतो, मग गोष्ट. हिराबाई मावशी. मूळच्या टाकवे बुद्रुकच्या वरच्या ठाकरवाडीतल्या, आता वलवणला लेकीकडे राहतात. त्या नसत्या तर मी आज हे लिहायला बाहेर नसतो.

मी हिंगोलीकडचा. आठवीतच शाळा सुटली, तेव्हा लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. भूतखेत, अंगात येणं... गावाकडे लई पाहिलं, पण विश्वास कधी बसला नाही.

तीन वर्षं झाली, धरणाजवळच्या एका बंगल्यावर मी केअरटेकर आहे. मालक मुंबईला. मावशी झाडलोट करतात, पाहुणे आले की स्वयंपाक. गेल्या थंडीत आसपासचे बंगले फुटायला लागले. कुलूप तुटलेलं नाही, कडी वाकलेली नाही – काम सराईताचं होतं. दोन जिल्ह्यांचे पोलीस त्याच्या मागावर आहेत, असं कानावर आलं.

माझी चूक एवढीच – एका दुपारी गेटवर एक जण आला, रंगकाम आहे का विचारायला. मी नाही म्हटलं, पण तांब्याभर पाणी दिलं. दोन शब्द बोललो, हसलो. शेजारच्या कॅमेऱ्यात ते सगळं आलं. तो रंगारी नव्हता, बंगले फोडणारा तोच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मला चौकीत बोलावलं. बंगल्यांची टीप मीच देतो, असा संशय. मालक फोनवर म्हणाले, सामान बांधून ठेव. इथं मला ओळखणारं कोण? मावशी आठ दिवस तापानं घरीच होत्या, बंगल्यावर आल्याच नव्हत्या. तशाच उठून चौकीत आल्या आणि माझ्याशेजारी बाकावर बसल्या. हवालदारांनी दोनदा घरी जायला सांगितलं.

"पाणी पाजलं म्हणून धरलं व्हय? मग मलाबी धरा," त्या म्हणाल्या. "मी तर भाकरबी देते."

साडेबारापर्यंत त्या बाकावरून हलल्या नाहीत. मग फोन आला – चोर सापडला, आमच्याच बंगल्यात. शेजारच्या माळ्याला मागचं दार उघडं दिसलं होतं. हा किचनमध्ये मांडी घालून बसलेला, पुढ्यात ताट, बाजूला रिकामी पिशवी. लोक जमले तरी पळाला नाही.

चौकीत आणल्यावर त्यानं मावशींना बघितलं आणि हात जोडले.

"मावशी, तुम्ही 'आलेच, उठू नको' म्हणालात. मी उठलो नाही."

हवालदार हसले. "अरे, ही म्हातारी सकाळपासून इथं आमचं डोकं खातीय."

तो हसला नाही. मी चौकीत गेल्याचं बघून तो दहाच्या सुमारास आत शिरला, तर ओट्यापाशी मावशी उभ्या. उपाशी दिसतोस म्हणाल्या आणि ताट वाढलं, असं त्यानं सांगितलं.

"ज्या घरचं मीठ खाल्लं, तिथं माझा हात चालत नाही साहेब. आणि ह्या पोराला काही माहीत नाही. पाणी दिलं त्यानं, बस."

मला सोडलं, पण पंचनाम्याला बरोबर नेलं. मावशीही आल्या. गॅसचा सिलिंडर स्टोअरमध्ये कुलपात, किल्ली माझ्या खिशात. नाचणीचं पीठ तर बंगल्यावर कधीच नसतं. पण ताटात नाचणीची अर्धी भाकर होती. मावशींच्या उजव्या हाताचं मधलं बोट विळ्यानं अर्धं गेलंय. त्यामुळे त्यांच्या भाकरीवर बोटांचे ठसे उठतात, त्यात मध्ये एक जागा कोरी राहते. ह्या भाकरीवर ती कोरी जागा होती.

मी मावशींकडे बघितलं.

"मी तर तुझ्यासंगं व्हते की," त्या म्हणाल्या. मग ताटाकडे बघत, "अर्धी का ठेवली रं त्यानं?"

माझी नोकरी राहिली. बाकी काहीच उलगडलं नाही, आजही नाही. विचारणंही मी सोडलंय. पण मावशी तळेगावच्या पुढे कधी गेलेल्या नाहीत. एक दिवस त्यांना आमच्या गावी नेणार. ज्वारीची भाकर आई करेल, ताट मी वाढीन. आणि पोट भरेपर्यंत मावशींना उठू देणार नाही.