मामाच्या इन्स्पेक्शनमध्ये अडकलेलं मेंढरू

"साळवे रिटायर झाले. क्वार्टर सोडून नगरला मुलीकडे निघालेत. जाता जाता मला येशूकडे वळवणार म्हणतात. तू ये, माझ्या बाजूने कोणीतरी हवं," असा मामाचा फोन आला. त्याच्यासारखाच मीही नास्तिक. भोपाळचं तिकीट काढलं.

सकाळी पोहोचलात तर आधी पोहे-जलेबी खा, मग ऑटोचं भाडं ठरवा. भरल्या पोटी घासाघीस बरी जमते. कारखान्याच्या टाऊनशिपमध्ये रस्ते रुंद, झाडं जुनी आणि क्वार्टर सगळे सारखे. मामाचा ओळखायची खूण म्हणजे शेजारच्या, साळवेकाकांच्या दारावरचा क्रूस. काका वेल्डिंगला, मामा इन्स्पेक्शनला. दिवसा मामाने काकांचे जोड तपासायचे, संध्याकाळी काकांची श्रद्धा.

निरोपाच्या जेवणासाठी आम्ही तिघं बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात गेलो. भाजी ताजी, पिशवी घरून न्यावी. काका नुसते भाजीचे भाव विचारत होते. मामाला राहवेना.

"काय साळवे, आज येशूला सुट्टी?"

"साहेब, इतकी वर्षं सांगतोय, एकदाही शेवटपर्यंत ऐकलं नाहीत. जायच्या आधी एक गोष्ट मध्ये न बोलता ऐका. एवढंच मागतो."

मामाने कारली निवडता निवडता मान हलवली.

जेवणानंतर काकांनी सुरुवात केली. "एका मेंढपाळाची शंभर मेंढरं होती. एक हरवलं..." आणि ते तिथेच अडले. मामाकडे बघत चष्मा पुसू लागले.

"मग तो नव्याण्णव रानात सोडून त्या एकामागे जातो," मामा म्हणाला.

"पण त्या नव्याण्णवांना लांडग्याने..." मी मामाचाच जुना मुद्दा काढला.

"तू मध्ये बोलू नकोस! सापडल्यावर खांद्यावर घेतो, घरी येऊन शेजाऱ्यांना बोलावतो, आनंद करतो."

काकांनी डोळे पुसले. "साहेब, पाठ आहे तुम्हाला!"

"तपासायचं तर ड्रॉइंग पाठ लागतं."

"मग? पास?"

"रिमार्क आहेत," मामा म्हणाला आणि काकांच्या ताटलीत आणखी एक जलेबी वाढली.

मी पुण्याला परतलो तो गेलो तसाच, नास्तिक. प्रवासातलं काय उरलं म्हणाल, तर गोष्ट अडल्यावर ती पुढे नेणारा मामाचा आवाज.

परवा त्याचा फोन आला. काकांच्या क्वार्टरमध्ये नवा शेजारी आलाय, कशावरच विश्वास नसलेला. "मी म्हणेन त्याला हो म्हणतो रे! वादच होत नाही. शेवटी मेंढराची गोष्ट सांगितली."

"मग?"

"मध्ये बोलत होता. गप्प बसवून पूर्ण ऐकवली."

"साळवेकाकांना कळवू?"

"खबरदार! लगेच शेजारीपाजारी जमवून आनंद करतील. मी अजून सापडलेलो नाही."