विहीणबाई किती वाजता जेवतात?

आपल्याच फजितीची सुरुवात कुठून करायची, सांगा. मंगळवार होता, साधा. शहागंजात चहापत्ती घेत होतो आणि लेकीचा, ऋतुजाचा, फ्रान्सहून फोन आला.

"बाबा, मात्यूची आई शुक्रवारी येतेय. आपल्याकडंच राहील. तिला इंग्रजी येत नाही."

मात्यू म्हणजे होणारा जावई. त्याच्या आईला हे लग्न फारसं पटलेलं नव्हतं. मुलगी कुठल्या घरातली ते स्वतः पाहून मगच ती हो म्हणणार होती. आणि घर म्हणजे आता मी एकटा. बायकोला जाऊन दीड वर्ष झालेलं.

"तिच्या जेवणाच्या वेळा ठरलेल्या आहेत," ऋतुजा म्हणाली. "मी विचारून सांगू?"

"मी विचारीन. तिच्या भाषेत."

तीन दिवस मोबाइलवरून एकच वाक्य घोकलं. 'त्यू मांज आ केल अर?' तू किती वाजता जेवतेस? अगदी घरगुती, सलगीचं. गुलमंडीतल्या ओळखीच्या कापडवाल्यालाही म्हणून दाखवलं. उत्तर कोणत्या भाषेत येईल, याचा विचार मात्र केला नाही.

बाई शुक्रवारी रात्री उशिरा पोचल्या, आणि शनिवारी सकाळी चहा घेताना मी वाक्य टाकलं. विहीणबाईंचा चेहरा उजळला. मग त्या जे बोलल्या ते पाऊण मिनिट चाललं. मला एक अक्षर कळलं नाही. मी म्हणालो, "वी, वी." म्हणजे हो, हो.

स्वयंपाकाला पडेगावहून थोरली मावसबहीण शकूताई आली होती. "काय म्हनली रं? कवा जेवती?"

कळलं नाही म्हणायला जीभ वळेना. "दोन वाजता," मी ठोकून दिलं.

"दोन? लई उशीर करत्यात बा. मंग पोळ्या पावणेदोनला टाकते, गरम गरम."

साडेबाराला बाई कपडे बदलून, केस नीट करून टेबलाशी येऊन बसल्या. मला वाटलं, गप्पा मारायच्यात. माझ्याकडं गप्पांचं वाक्य एकच. ते म्हटलं. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि दोनच शब्द बोलल्या. मी म्हणालो, "वी."

सव्वा वाजता पुन्हा विचारलं. म्हटलं, आस्था दिसावी. या वेळी बाईंनी ओठ आवळून खिडकीकडं मान वळवली. भरल्या वांग्यांचा वास घरभर पसरलेला.

"सुधाकर, तोंड उतरलंय तिचं. भूक लागली दिसती."

"ताई, त्यांच्यात वेळ म्हणजे वेळ."

"व्हय, पन तिनं दोनच म्हनलं ना?"

"मग मी काय मनानं सांगतोय?"

दीडला बाई उठल्या, खोलीत गेल्या, दार लोटलं. आतून फोनवरचं बोलणं, मग बॅगेच्या चेनचा आवाज. मग माझा फोन वाजला.

"बाबा, काय चालवलंय तुम्ही?" ऋतुजाचा आवाज रडवेला. "तिनं सकाळीच सांगितलं, साडेबारा. तुम्ही हो म्हणालात. ती येऊन बसली, तर परत तेच विचारलं. तिसऱ्यांदाही तेच. ती म्हणते, हा माणूस मला उपाशी ठेवून माझी थट्टा करतोय. हॉटेलात चाललीय ती."

शकूताईनं सगळं ऐकलं होतं. "दोन म्हनं दोन," एवढंच मला म्हणाली. तवा चढवला, दार ढकललं आणि बाईंचं मनगट धरून त्यांना टेबलाशी आणलं.

"बसा बाई. येडं हाय आमचं हे. जेवा आदी."

बाईंना शब्द कळला नसेल, पण बसल्या. येसराची आमटी, वांगं, तव्यावरची पोळी. दुसऱ्या पोळीला त्या हसल्या. बॅग पुन्हा उघडली गेली. मी सुटलो.

हात धुऊन येताना बाई भिंतीवरच्या फोटोपाशी थांबल्या, माझ्या बायकोच्या. मग वळून हलक्या आवाजात मला काहीतरी विचारलं. तो प्रश्न मला पूर्ण कळला. तेवढंच फ्रेंच तर मला येत होतं. या किती वाजता जेवायच्या?

मी शकूताईला मराठीत तेच विचारलं. तिनं मान हलवली, तिलाही ठाऊक नव्हतं. सत्तावीस वर्षं मी वाढलेल्या ताटावर बसायचो आणि जेवून उठायचो. बायकोला मी ते कधी विचारलं नव्हतं.