भाऊकाकांचे पत्ते आणि देवाचा कौल

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात किस्से आपोआप साचतात. गिऱ्हाईक बरा झालेला कॉम्प्युटर घेऊन जातं आणि किस्सा आमच्याकडे ठेवून जातं. मी आणि माझा पार्टनर मंगेश, आम्ही रत्नागिरीत दुकान टाकलं तेव्हा अर्ध्या गावाच्या हातात माऊस आम्हीच दिला. त्यामुळे आमच्याकडचा साठा मोठा. पण त्यातला निम्मा माल एकट्या भाऊकाकांचा.

*

भाऊकाका आंबा बागायतदार. जयगडच्या वाटेवर त्यांची कलमांची बाग. अमेरिकेतल्या भाच्याने स्वतःचा वापरलेला ऑर्गनायझर त्यांना दिला होता. तळहाताएवढं यंत्र, काडीने टोचून लिहायचं. पुण्या-मुंबईच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर काकांनी त्यात भरले होते. दरवर्षी पाडव्याच्या आधी प्रत्येकाला कार्ड जायचं की आंबा अमुक सुमाराला येतोय, पेटी सांगून ठेवा. कार्ड गेलं नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या बागेचं झालंच म्हणून समजा.

त्या वर्षी त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. फॉरमॅट करण्याआधी मंगेशने नियमाप्रमाणे विचारलं, "काका, यातलं काही ठेवायचंय?"

"काही नको रे. सगळं धुऊन काढ. माझं सगळं इथे आहे," असं म्हणून काकांनी शर्टाचा खिसा थोपटला.

मंगेशने धुऊन काढलं. मग काकांनी यंत्र जोडलं, तर नव्याने भरलेला कॉम्प्युटर त्याला ओळखच दाखवेना. कार्डं छापायची कॉम्प्युटरवरून आणि पत्ते अडकलेले खिशात!

*

"यंत्राबरोबर सॉफ्टवेअरची सीडी आली असेल. ती कुठे आहे?" मी विचारलं.

"बागेत."

"बागेत कशी?"

"चकाकते चांगली. वानर बिचकतात."

मंगेश बाईक घेऊन गेला. बागेत तशा बऱ्याच सीड्या सुतळीने टांगलेल्या होत्या. भाच्याने पाठवलेली भजनं, कुठल्याशा लग्नाचं शूटिंग, सगळं वाऱ्यावर फिरत होतं. आमची सीडी सापडली ती नेमकी फळांनी लगडलेल्या कलमावर. काकांनी ती काढू दिली, पण तिच्या जागी दुसरी टांगायच्या बोलीवर. मंगेशने आमच्या दुकानातली नवी कोरी सीडी तिथे बांधली आणि मगच ही सुटली.

उन्हाने आणि पाखरांनी तिचे हाल केले होते. मी टूथपेस्ट लावून पुसली आणि ड्राइव्हमध्ये सरकवली. ड्राइव्ह गिरणीसारखा घरघरला, पण सॉफ्टवेअर चढलं. मला खात्री होतीच. आमच्या वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टर सुर्वे मॅडमचा दवाखाना आहे. त्या जाता जाता म्हणाल्या, "टूथपेस्टचा इतका चांगला उपयोग माझे पेशंटसुद्धा करत नाहीत."

*

या यंत्राची एक खोड होती. सेल काढून फार वेळ ठेवले की ते सगळं विसरायचं. हे मी काकांना बजावून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन.

"अरे, सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये आहेत. आत्ता बघितलं."

"कोणी घातले?"

"हिने."

"काढा आधी. लगेच यंत्रात घाला."

"मालिका चालू आहे रे."

"काका, पत्ते जातील!"

मागून काकूंचा शांत आवाज आला, "जाहिरात लागली की काढा."

भाऊकाकांचा सगळा धंदा त्या दिवशी एका साबणाच्या जाहिरातीने वाचवला. ती वेळेवर लागली.

*

शेवटी यंत्र जोडलं गेलं, आणि कॉम्प्युटरने प्रश्न टाकला. दोघांपैकी खरं कोणाचं धरू, यंत्राचं की माझं? कॉम्प्युटर कोरा. त्याचं खरं धरलं असतं तर यंत्रही कोरं झालं असतं. मी 'यंत्र' दाबणार तेवढ्यात काकांनी माझा हात धरला.

"कौल लावू."

"काका, मला खात्री आहे."

"एवढी खात्री आहे तर देवाला विचारायला काय हरकत?"

गेलो गावच्या देवळात. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, यंत्र खरा असात तर उजवी दी, काम्पुटर खरा असात तर डावी दी."

"व्हय महाराजा," काका म्हणाले. मंगेशही म्हणाला.

डावी पडली.

काका दुकानात येऊन बसले, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "कॉम्प्युटर दाब."

"पत्ते पुसले जातील. कार्डं जायची नाहीत."

"मग पुसले जाऊ देत. विचारलं ना आपण?" मला देवाचा नाही, पण काकांचा फार राग आला आणि तितकीच दयाही आली.

मी म्हटलं, "काका, त्याआधी पत्ते दुसरीकडे उतरवून ठेवू नका, असं देव म्हणाला का?"

काकांनी बराच विचार केला. "नाही. तसं आपण विचारलंच नाही."

सुर्वे मॅडमकडे असंच यंत्र होतं. दोन यंत्रं समोरासमोर धरली की एकातलं दुसऱ्यात जायचं, वायर नको की काही नको. मंगेश वर गेला आणि काकांचे पत्ते मॅडमच्या यंत्रात सोडून आला. मग मी 'कॉम्प्युटर' दाबलं. काकांनी डोळे मिटले. यंत्र कोरं झालं, कौल पाळला गेला. मंगेश पुन्हा वर जाऊन पत्ते परत घेऊन आला. या वेळी यंत्र जोडलं तेव्हा कॉम्प्युटरने काही विचारलं नाही, कार्डं छापली, पाडव्याच्या आधी पोस्टात पडली.

*

आठवड्याभराने कळलं की मंगेश पत्ते परत आणताना मॅडमचे सगळे पेशंटही घेऊन आला होता. अर्ध्या रत्नागिरीला कार्ड गेलं होतं, ज्यांच्या परसात स्वतःची कलमं आहेत त्यांनासुद्धा. आणि काकांचे पत्ते मॅडमच्या यंत्रातही राहिले होते. तिकडे त्यांची रिसेप्शनिस्ट पुण्याच्या लोकांना फोन करून दाढ दाखवायला बोलवत होती.

काका दुकानात आले तेव्हा मी शिव्या खायच्या तयारीने उभा होतो. त्यांनी टेबलावर पहिल्या तोडीच्या आंब्याची पेटी ठेवली. रत्नागिरीकरांनी आपापल्या मुंबईच्या मुलीबाळींसाठी पेट्या सांगितल्या होत्या, झाडावर उरलेला आंबा उतरायच्या आधीच विकला गेला होता. पुण्याचे एक गृहस्थ तर आंबे न्यायला म्हणून आले आणि दाढ भरून गेले.

"कौल कॉम्प्युटरच्या बाजूने होता," काका म्हणाले. "तुला खात्री यंत्राची होती."

पुढच्या वर्षी पाडव्याच्या आधी काका रिक्षातून कॉम्प्युटर घेऊन उतरले. मंगेशने लावून बघितला. उत्तम चालत होता.

"काका, याला काय झालंय?"

"काही नाही. फॉरमॅट कर," काका म्हणाले. मग जिन्याकडे बघत त्यांनी विचारलं, "डॉक्टरीणबाई वर आहेत ना?"