साहेबाच्या बाजूने

"आता मी साहेब. विचारा," असं म्हणून सर डोक्यावर काळी हॅट चढवायचे. हॅट डोक्यावर असेपर्यंत ते पोर्तुगालच्या बाजूने बोलत. उतरवली की पुन्हा आपले सर.

गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता आणि सत्याग्रहींवर गोळ्या चालल्याला फार काळ लोटला नव्हता. मुंबईची कॉलेजची मुलं दिवाळीच्या सुट्टीत रेवदंड्याला आमच्या शाळेत शिबिराला येत, ती गोव्याचा प्रश्न समजून घ्यायला. गोव्यात जाता येत नाही, तर निदान पोर्तुगीजांच्या पडक्या तटाशेजारी बसू, हा सरांचा हिशेब. विद्यापीठाने शिबिर त्यांच्यावर सोपवलं होतं. मी शाळेचा मास्तर, चावी माझ्याकडे, म्हणजे माझी दिवाळी गेलीच म्हणायची.

रीत अशी, की मुलांनी आपली बाजू मांडायची आणि सरांनी साहेबाची. मुलं तावातावाने घोषणा देत. सर शांतपणे म्हणत, "ही घोषणा झाली. मुद्दा कुठे आहे?"

एकदा एक मुलगा पारतंत्र्यावर भरभरून बोलला. सर म्हणाले, "तुमच्या मुंबईचे लोक घड्याळं चोरून आणतात ती आमच्याकडून. आमच्याकडे मिळतात, तुमच्याकडे मिळत नाहीत. मग पारतंत्र्यात कोण?" मुलगा जो खाली बसला, तो जेवणाच्या घंटेपर्यंत उठला नाही.

खिडकीशी गावातली माणसं जमायची. ती उशिरा येत, त्यामुळे हॅटची भानगड त्यांना ठाऊक नसे. कानावर पडे ते एवढंच, की हा मनुष्य पोर्तुगीजांची तरफदारी करतो आणि पोरांना गप्प बसवतो.

कोळीवाड्याच्या पाटलांनी मला बाजारात गाठलं. "मास्तर, यो मानूस कोनाचा हाय?"

"विद्यापीठाचा."

"तसं न्हाय. येवढा झ्याक बोलतो त्यांच्या बाजूनं. फुकाट कोन बोलंल?"

आता याला काय सांगणार! सर वाईट बोलले असते तर निभावून गेलं असतं. ते फार चांगलं बोलत होते, हीच पंचाईत होती.

आणि खरं सांगू का, माझ्याही मनात पाल चुकचुकायला लागली होती. सर तरीने खाडी ओलांडून कोर्लईला जायचे आणि तिथल्या ख्रिस्ती लोकांशी त्यांच्या पोर्तुगीज वळणाच्या बोलीत गप्पा मारायचे. मी एकदा सोबत गेलो होतो. सगळे खदखदून हसत होते आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. अशा वेळी माणसाला काय वाटतं ते तुम्हीही अनुभवलं असेल.

मग अलिबागहून एक गृहस्थ आले आणि शेवटच्या बाकावर बसले. साधा सदरा घातला म्हणून पोलीस लपतो थोडाच! सरांनी त्यालाही उभं केलं. "बोला, तुमचा मुद्दा?" तो बिचारा ड्यूटी विसरून भांडला, हरला आणि लालबुंद होऊन निघून गेला. त्याचा राग वरपर्यंत जाणार, हे मला तेव्हाच दिसलं.

मी सरांना बाजूला घेतलं. "एकदा सांगून टाका ना, की तुम्ही आपलेच आहात. नाहीतर शिबिर बंद पाडतील."

सर हॅटवरची धूळ फुंकत होते. म्हणाले, "माझा धाकटा भाऊ सत्याग्रहात गेला. तिकडच्या तुरुंगात आहे."

"मग हे गावाला सांगा! हार घालतील."

"म्हणूनच नको. उद्यापासून माझ्याशी कोणी भांडणार नाही, नुसत्या माना हलवतील. तुम्हीही बोलू नका."

मला रागच आला. म्हटलं, "भाऊ आहे कशावरून? बरा वेळेवर निघाला!"

सरांचा चेहरा खुलला. "हे बरं विचारलंत," म्हणाले आणि पुढे काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाटील माणसं घेऊन शाळेच्या अंगणात आले. "सांगा, तुम्ही कोनाचे?"

"हॅट घालून सांगू, की काढून?" सरांनी विचारलं.

सरांना ही थट्टा वाटली नसावी, पण गावाला वाटली. एकच गलका झाला. संध्याकाळच्या एसटीने शिबिर मुंबईला परतलं. पुढच्या वर्षी शाळा द्यायची नाही, असं वरूनच आलं. माझ्या जिवाला फार लागलं ते. आणि तरी तो भाऊ खरा की खोटा, याचा उलगडा मला झाला नव्हता.

सर पुन्हा आले नाहीत. मुंबईत छातीच्या दुखण्याने गेले, असं त्यांच्या एका विद्यार्थ्याकडून कळलं. गोवा सुटला तो त्यानंतर. गावात पेढे वाटले, फटाके वाजले.

पुढे एका दुपारी शाळेच्या दारात एक वाळलेला माणूस उभा राहिला. म्हणाला, "मी सरांचा धाकटा भाऊ. सुटून आलो." नाक हुबेहूब सरांचं. तरी मी ते दोनदा निरखून पाहिलं, संशय मेला असा चिवट.

वर्गात बसल्यावर तो म्हणाला, "दादा इथे काय बोलायचा, ते ऐकायचंय."

मी चाचरलो. "ते... तुम्हाला कोंडणाऱ्यांच्या बाजूने बोलायचे."

"ठाऊक आहे. तसंच बोला."

मी फळ्यापाशी उभा राहून आठवेल तसं बोलू लागलो. घड्याळांचा मुद्दा काढला. तो हसला. "घड्याळं होती हो. पण किती वाजले एवढं विचारायलाही चारचौघांनी जमायची सोय नव्हती." मी मनात म्हटलं, सर, ऐकताय ना?

मग मी सरांचा आवडता मुद्दा काढला. "तुम्ही आमच्या गोव्याला सोडवायला निघालात. पण तिथल्या माणसांना विचारलंत का, आम्ही येऊ का म्हणून?"

बाकावरचा हात त्याने हळूच मांडीवर घेतला.

"हे दादाने मला निघताना दारात विचारलं होतं," तो म्हणाला. "मी त्याला फितूर म्हणालो आणि निघालो. तेच आमचं शेवटचं बोलणं."