देवाचं लाकूड

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेरीला पाटी आली होती, बसायला खुर्च्या यायच्या होत्या. बिलोलीहून माझी बदली तिथं झाली ती दुष्काळाच्या तोंडावर. काम वनखात्याचं, म्हणजे मरणारी झाडं बघत हिंडायचं. त्या उन्हाळ्यात चाकूरकडच्या एका गावातून निरोप आला की महादेवाच्या आमराईला काहीतरी झालंय, येऊन बघा. मी सायकल काढली. जायचा कंटाळा आला होता, खोटं कशाला सांगू?

देवळाचे पुजारी म्हातारे जंगम होते. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं, मीही म्हणू लागलो. त्यांनी मला वाळलेली झाडं दाखवली. सालीवर बारीक भोकं पडली होती आणि साल हातानं ओढली तर सुटून येत होती. आत भुंग्यांनी पोखरलेल्या वाटा होत्या, पण भुंगा एकही नव्हता.

हा भुंगा तिळाएवढा असतो. धडधाकट झाडाला त्याचं काही वाटत नाही. भोक पडलं की झाड डिंक सोडतं आणि भुंगा त्यातच अडकून मरतो. पण झाडाला पाणीच नसेल तर डिंक कुठून येणार? मग पहिला भुंगा आत शिरतो, त्याच्या वासानं बाकीचे गोळा होतात. मादी सालीखाली सरळ वाट कोरून दोन्ही अंगांना अंडी घालते, अळ्या आडव्या खात सुटतात आणि पानांकडून मुळांकडं जाणारं अन्न तुटतं. झाड मात्र काही दिवस हिरवंच दिसतं. ते वाळेपर्यंत पिलावळ मोठी होऊन उडून गेलेली असते.

पण इतके भुंगे आले कुठून, ते देवळामागं गेल्यावर कळलं. तिथं आंब्याच्या लाकडाची मोठी रास होती, सगळी सालीसकट.

"हे घरी का नेत नाही कुणी?" मी विचारलं.

"देवाचं लाकूड घरच्या चुलीत घालत न्हाईत, सायेब. जत्रंच्या भंडाऱ्याला लागतं. औंदा दाणाच न्हाई, तर जत्रा कशाची?"

दरवर्षी पडलेल्या फांद्या तिथं रचायच्या आणि जत्रेच्या स्वयंपाकात जाळून टाकायच्या, अशी पद्धत. चांगलीच पद्धत होती. दुष्काळानं जत्रा बंद पाडली आणि भुंग्यांना बसल्या जागी पाळणाघर मिळालं.

मी म्हणालो, रास आजच्या आज जाळा. अप्पांनी होकारार्थी मान हलवली. वाळलेली झाडं तोडायलाही ते तयार झाले. "मेलेल्या झाडाचं कसलं पाप? तोडा." गावातल्या दोघांनी कुऱ्हाडी आणल्या, आणि मला अवघड झालं. कारण वाळलेली झाडं तोडून उपयोग नव्हता, ती रिकामी होती. भुंगे होते ते राशीजवळच्या हिरव्यागार झाडात. त्याच्या बुंध्यावर ताजा तांबडा भुसा सांडला होता. आमराईतलं सगळ्यात मोठं झाड ते, अप्पांची दुपार त्याच्याच सावलीत जायची.

मी सांगितलं तेव्हा अप्पा माझ्यावर भडकले. "वाळलेलं ठिवायचं आन् हिरवं पाडायचं? हे शिकवलं का तुमाला सरकारनं?"

मी थकलो होतो. त्या उन्हाळ्यात गावोगाव हेच बोलून माझी जीभ वाळली होती. मी वाद घातला नाही. चाकूनं सालीचा तळहाताएवढा तुकडा काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. अप्पांनी तुकडा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग त्यांनी बुंध्याला भस्म लावलं आणि पहिला घाव स्वतः घातला. दुसऱ्याच्या हातून तो घालून घेणं त्यांना पटेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या झाडाची साल सोलली. जत्रेच्या स्वयंपाकाचं मोठं चुलवण पेटवलं आणि साल आणि रास, दोन्ही त्यात घातली. देवाचं लाकूड नुसतंच कसं जाळायचं, म्हणून बायांनी घराघरातून मूठमूठ ज्वारीच्या कण्या आणल्या आणि पातळ आंबील शिजवली. मीही वाटीभर प्यालो. मीठ कमी होतं.

अर्धी आमराई पुढं वाचली. त्या दिवशी मात्र ते कुणालाच ठाऊक नव्हतं. धुरानं चुरचुरणारे डोळे पुसत अप्पा माझ्याजवळ आले.

"आता बाकीची वाचतील न्हवं?"

"भुंगे कमी होतील, अप्पा. पण वाचायचं तर पाऊस पडायला पाहिजे. झाडात पाणी आलं तरच ती स्वतःला सांभाळतील."

तोडलेल्या झाडाच्या जागी आता ऊन पडलं होतं. अप्पांनी एकदा तिकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"म्हंजी इतकं शिकून तुमी बी आमच्यावानीच आभाळाकडं बघून राहिलात."

"हाव अप्पा," मी म्हणालो.