गरम पाणी टाकण्याआधी

मला देवाचा राग आला होता, हे आधीच सांगून टाकते. असले अनुभव लिहिणारी माणसं पहिल्या ओळीपासून हात जोडून उभी असतात. मी तशी नव्हते. त्या वर्षी माघात गावच्या मातामाईपुढं उभी राहून मी तिला तोंडावर म्हटलं होतं, "तुले दिसत नाई, त इथं बसून कायले राहिली वो?" घरी आल्यावर त्याचा पस्तावाही वाटला नाही. नारळ मात्र परत घेऊन आले आणि त्याची चटणी केली. माझी जीभ तेव्हा अशी होती. जिभेमुळंच सगळं झालं होतं, पण ते मला कळायला अजून वेळ होता.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी आमच्या धानाला मिळायचं, त्यामुळं खाऊनपिऊन घर बरं होतं. धान घरी आलं की मी मागच्या वाडीत मोठ्या गंजात ते उकडायला घ्यायची. उकडलेल्या धानाचा तांदूळ कांडताना तुटत नाही आणि पोटाला धरून राहतो. धान फुटायला लागलं की ते काढून अंगणात वाळत घालायचं आणि गंजात उरलेलं कढत पाणी भिंतीच्या कोपऱ्याकडं ओतून द्यायचं. लग्न होऊन आल्यापासून मी त्याच कोपऱ्यात ओतत आले होते. तिकडं पाहायची गरज कधी पडली नव्हती.

त्या सकाळी लाकडं ओली होती, धुरानं डोळे चुरचुरत होते आणि जावेशी माझं दोन शब्दांवरून वाजलं होतं. रागारागात मी गंज उचलला आणि पाणी फेकलं. कोपऱ्याआड माझी सात वर्षांची शेवंता मातीची चूल-बोळकी मांडून खेळत बसली होती. पाणी तिच्या दोन्ही पायांवर गेलं. तिची किंकाळी ऐकून मी धावले, तिला उचललं, आणि तिच्या पायांकडं पाहून मला जे सुचलं ते असं होतं, "तिथं कायले मरायले बसली होती?" दुसरं काही सुचलं नाही. भीतीनं माणूस असंही बोलतं, हे मला आता माहीत आहे. तिला सात वर्षांच्या वयात ते कसं माहीत असणार?

तिरोड्याच्या डॉक्टरच्या मलमानं पाय भरून आले. दीड महिन्यात ती चालायला लागली. पण त्या दिवसापासून तिच्या तोंडातून शब्द निघाला नव्हता. भूक लागली की ताटाकडं पाहायची, काही दुखलं की घरातच एखाद्या कोपऱ्यात जाऊन बसायची. वाडीत तर पाऊलच टाकत नव्हती. उंबऱ्याच्या आत उभी राहून बाहेर पाहायची. डॉक्टरनं घसा पाहिला, जीभ पाहिली, सगळं नीट आहे म्हणाला. गावच्या भगतानं कोंबडा घेतला आणि काही केलं नाही. माझी जाऊ, जिचं-माझं कधी पटलं नाही, तीसुद्धा शेवंताला मांडीवर घेऊन गोष्टी सांगायची. पोर ऐकायची, पण बोलायची नाही. तीन महिने असे गेले. आपल्या हातानं आपली लेक मुकी केली, हे एवढंच माझ्या डोक्यात दिवसभर फिरत राहायचं. म्हणून मी मातामाईशी भांडायला गेले होते.

होळीच्या आठ दिवस आधी एक चुडीवाली गावात आली. आमच्याकडं नेहमी येणारा चुडीवाला त्या वर्षी आजारी होता, म्हणून त्याच्या नात्यातली ही म्हातारी गोंदियाहून आली होती. मुसलमान बाई, डोक्यावर ओढणी, पाठीवर चुड्यांचं गाठोडं, पान खाऊन लाल झालेले ओठ. दुपारी तिनं आमच्या वाडीतल्या चिंचेखाली गाठोडं सोडलं. चुलीवर धुण्याचं पाणी तापलं होतं. त्यातलं जास्तीचं मी त्याच कोपऱ्याकडं टाकायला निघाले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"रुक बाई. ऐसा कैसा फेंकती? पहले नाम तो ले."

"कोणाचं नाव? कायले?" मी विचारलं.

मग तिनं सांगितलं. देवानं माणूस मातीचा केला, आणि त्याआधी आगीपासून दुसरी एक जात केली. ते जिन. दिसत नाहीत, पण त्यांनाही बायका-लेकरं असतात, घर-संसार असतो. त्यांच्यात चांगले असतात, वाईट असतात, नमाज पढणारेही असतात. झाडाखाली, मोरीपाशी, भिंतीच्या सांदीत ते राहतात. म्हणून कढत पाणी टाकण्याआधी म्हातारीच्या घरच्या बाया देवाचं नाव घेतात, म्हणजे तिथं कोणाचं लेकरू खेळत असलं तर त्याच्या मायला ते उचलून घ्यायला वेळ मिळतो.

मला हसू आलं. "आमच्या गावात भुतं का कमी आहेत, बाई? त्यात तुमची कायले आणता?"

ती रागावली नाही. "भूत नहीं. भूत मरे हुए का बोलते. ये तो जीते हैं, हमारे जैसे. उनका बच्चा भी जलता है।"

त्या शेवटच्या वाक्यावर मी हातातलं भांडं बाजूला ठेवलं. मी खाली बसले आणि तिला सगळं सांगितलं. शेवंता उंबऱ्यात उभी होतीच. म्हातारीनं लांबूनच तिच्या पायांकडं पाहिलं आणि पानाची पिंक टाकली.

"वहाँ किसका क्या जला, मैं कौन बतानेवाली," ती म्हणाली. "पर तूने माफी मांगी?"

"नाई."

"तो मांग ले. झुकने से किसी की कमर नहीं टूटती।"

माफी मागायची माझ्या तोंडाला सवय नव्हती. नवऱ्याची नाही, सासूची नाही, देवाची तर नाहीच. पण त्या दिवशी माझ्यातलं भांडण संपलं होतं. मी कोपऱ्यात जाऊन ओल्या मातीवर बसले. जिनाशी काय बोलतात ते मला कुठून येणार? माझ्याच बोलीत बोलले. "मायवं, तू जी कोण असशील ते. माह्या हातानं तुहं लेकरू भाजलं. मी पाहिलं नाई. चूक माही होती, लेकराची नोहती. ते बिचारं आपलं खेळून राहिलं होतं. अन् मी वरून त्यालेच बोलली. त्याले जवळ घेऊन एक शब्द चांगला नाई बोलली. मले माफ कर." बोलता बोलता माझा बांध फुटला. पदरात तोंड घालून मी रडले. इतकी तर मी माझी आई गेली तेव्हाही रडले नव्हते.

पाठीवर लहान हात पडला तेव्हा वाटलं, म्हातारीच आली. पण शेवंता होती. तीन महिन्यांनी वाडीत उतरली होती, अनवाणी, त्याच कोपऱ्यात. माझ्या कानाशी वाकून ती म्हणाली, "रडू नको, माय. तिचं लेकरूबी बरं झालं असन. माहे पाय नाई का झाले बरे?"

मी तिला छातीशी धरलं ते किती वेळ, कोण जाणे. मागं वळून पाहिलं तर म्हातारी माझ्या जावेच्या हातात हिरव्या चुड्या भरत होती आणि हात आखडू नको म्हणून तिला दटावत होती.

त्या कोपऱ्यात कोणी होतं का, मला ठाऊक नाही. लोक विचारतात तेव्हा मी वाद घालत नाही, आणि माझ्यासारख्या बाईनं वाद न घालणं हेही थोडं नाही. दुसऱ्या दिवशी मी मातामाईकडं गेले, नारळ तिच्यापुढं फोडला आणि मागचंही बोलणं परत घेतलं. ज्या देवीला आंधळी म्हटलं, तिनंच त्या म्हातारीला चिंचेखाली बसवलं असं मी धरून चालते. म्हातारी म्हणेल, तिच्या अल्लानं. तर मग तसं.

पुढच्या फाल्गुनात ती परत आली. मी तिच्या पाया पडायला गेले तर तिला काहीच आठवत नव्हतं. दहा गावं फिरणारी बाई, कुठं कुणाला काय सांगितलं ते कुठं लक्षात ठेवणार? ती शेवंताचा हात धरून चुड्या भरायला बसली. शेवंताची बडबड सुरू झाली ती थांबेचना, शाळेचं, वासराचं, शेजारणीच्या मांजरीचं. शेवटी म्हातारी वैतागून माझ्याकडं वळली.

"बाई, ये लड़की कितना बोलती है! जरा चुप करा ना."

"नाई वो बाई," मी म्हटलं, "तिले बोलू दे."

आज माझ्या सुना हसतात. कढत पाण्याचं भांडं उचललं की मी थांबते, मातामाईचं नाव घेते, कोपऱ्याकडं पाहून "सरका रे लेकरांनो" म्हणते, आणि मगच पाणी ओतते. तेवढ्या थांबण्यात माझा राग उतरतो. शरण जाणं म्हणजे काय ते मोठ्या लोकांना ठाऊक. मला ते एवढंच जमलं आहे.